पेटीच्या तळाचं भोक

उघड्यावर विजेची पेटी लावायची तर तिच्या तळाला भोक ठेवायचं. हे मी हजारदा सांगितलं असेल आणि हजारदा लोकांनी मला वेड्यात काढलंय. "इथे आभाळ फाटतंय नि तू पेटीला भोक पाडतोस?" अरे बाबांनो, झाकण कितीही घट्ट लावा, वायरच्या पायपातून थेंब थेंब उतरतोच. गार पत्र्याला आतून घामही सुटतो. ते पाणी अडवता येत नाही, त्याला खालून जायला वाट ठेवायची असते.

शतक संपायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात वायरमन होतो. घर पालीच्या पुढे. घरात वडील, वहिनी आणि मी. दादा मुंबईला, वर्षातून एकदा गणपतीला यायचा. मी नववीत असताना वहिनी या घरात आली. आई नव्हतीच. माझा डबा, माझे कपडे, नापास झालो तेव्हा वडिलांपुढे माझी बाजू, सगळं तिनेच केलं.

मागच्या बावीवर मोटर बसवली, तिची पत्र्याची पेटी मी स्वतः लावली. घराखाली सगळा कातळ, अर्थिंग नावालाच; पेटीत पाणी साचून पत्र्यात वीज उतरली तर जमिनीत जायला वाट नाही, हात लावणाऱ्यातूनच जाणार. म्हणून माझी सगळी भिस्त त्या तळाच्या भोकावर. मोटर रोज वहिनीच चालू करायची, टाकी भरायला.

त्या वर्षी दादा चार दिवस आधी आला. आमच्याकडे गणपतीआधी घर रंगवायची पद्धत, आणि वर्षभर न फिरकलेल्या माणसाला त्या चार दिवसांत सगळं घर दुरुस्त करायची खाज सुटते. दार, खिडक्या, तुळशीवृंदावन, काही सोडलं नाही त्याने. बावीवरची पेटीही नाही. तळाच्या भोकात खिडक्यांच्या फटी बुजवायची लांबी भरली नि वर हिरवा ऑइलपेंट मारला.

मला कळलं ते गणपती आले त्या दिवशी, आरतीआधी पाय धुवायला बावीवर गेलो तेव्हा. वहिनी पाठीमागून आली. "बघितलीत का भावोजी, पेटी कशी नवीन दिसते? यांनी स्वतः रंगवली हो!" तिचा चेहरा असा फुलला होता! खिशात स्क्रूड्रायव्हर होता. दोन मिनिटांचं काम. पण घरापुढच्या खळ्यात पाहुणे, आणि दादाच्या कामाला हात लावला की तो चारचौघांत आवाज चढवणार, हे ठरलेलं. म्हटलं, सणाचा विचका नको, विसर्जन झाल्यावर बघू.

विसर्जन झालं, दादा गेला. कारखान्यात काम अंगावर आलं. आज करू, उद्या करू. मग चार दिवस पाऊस खळला नाही, आणि पाचव्या दिवशी सकाळी वडिलांचा कारखान्यात फोन आला.

मी पोचलो तेव्हा तिला पडवीत आणून ठेवलं होतं. मोटर चालू करायला गेली होती, अनवाणी. आवाठातल्या, शेजारपाजारच्या बायका म्हणत होत्या, सवाष्ण गेली, भाग्याची. भाग्य कसलं, डोंबल! माझं डोकं असं फिरलं की त्या म्हाताऱ्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं.

संध्याकाळी दादा आला. रडून झाल्यावर उठला आणि मला बावीवर घेऊन गेला. लाइन आधीच तोडलेली होती. मी झाकण उघडलं आणि तांब्याभर पाणी माझ्या पायांवर सांडलं. दादा म्हणाला, "एवढं पाणी? तू वायरमन ना रे मेल्या? तुला दिसलं नाही?"

मी म्हटलं, "नाही."

तो आजही सगळ्यांना सांगतो, घरातल्या वायरमनने माझी बायको मारली. आला-गेला ऐकतो, माझ्याकडे बघतो. माझ्या जिभेवर येतं, की भोक तू बुजवलंस, तू! मग गप्प बसतो. कारण ते ऐकून तो एकच विचारणार, तुला कधी कळलं?

गणपती आले त्या दिवशीच कळलं होतं. आणि वहिनी शेजारी उभी होती.