शिलाईवाल्या काकूंचा प्रश्न

गेल्या वर्षी अकोल्यातल्या आमच्या जुन्या गल्लीत गेलो. आम्ही विकलेल्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. शेजारचं शिलाईचं दुकान मात्र तसंच दिसलं, म्हणून फोटो काढू लागलो. तेवढ्यात त्या दुकानातल्या काकू बाहेर आल्या.

"कावून फोटो काढून राहिला?"

मी कोण ते सांगितलं.

"मांगं एक जण असाच वळख सांगत आला. घर पाहून गेला अन् मंग बिल्डरची मानसं आली. सांग बरं, तुमच्या अंगनातली विहीर कोन्या बाजूले होती?"

"काकू, विहीर नव्हतीच. आमी तुमच्याच नळावर पानी भरत होतो."

त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला, आईची चौकशी केली. मला बरं वाटलं. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग, तुले कोनं पाठवलं?"