उजव्या कानामागची सूं-सूं

शिलाई मशीनचं दुखणं मशीनवाले काका कानाने ओळखायचे. दुकानात मशीन आलं की आधी पायडल मारायचे, डोळे मिटायचे आणि सांगून टाकायचे, "शटलमध्ये दोरा अडकलाय." तीस वर्षांत अंदाज क्वचितच चुकला. पण एका शिंपीणबाईंचं धडधाकट मशीन त्यांनी तिसऱ्यांदा खोललं, तेव्हा बाई वैतागल्या.

"अहो काका, फक्त तेल घालायला आणलं होतं!"

"पण सूं-सूं करतंय ना!"

"मला नाही बाई ऐकू येत."

काकांनी पायडल थांबवलं. मशीन गप्प झालं, सूं-सूं चालूच. उजव्या कानामागे, नाडीच्या ठेक्यावर.

काकू म्हणाल्या, "वय झालं तुमचं." कानाच्या डॉक्टरांनी थेंब दिले, फरक शून्य. आपल्यालाच भास होतात, असं काका धरून चालले. शेवटी मुलीने ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कानामागच्या हाडावर स्टेथोस्कोप टेकवला आणि मान डोलावली.

"येतोय की आवाज. मलाही."

काकांना इतका आनंद झाला, की आजार कुठला हे विचारायचंच राहिलं. "आमच्या हिलाही ऐकवा!"

बरोबर आलेल्या काकूंनी ऐकलं आणि त्या ओशाळल्या. "खरंच की हो! आणि मी तुम्हाला काय काय बोलले!"

दुखणं मात्र साधं नव्हतं. तपासणीत दिसलं, की मेंदूच्या आवरणात एक धमनी थेट शिरेला जोडली गेली होती. जोराचं रक्त नाजूक शिरेत घुसत होतं. ती फुटली तर जिवावर बेतणार होतं. काकांचा चेहरा उतरला.

"डोकं उघडणार?"

"नाही. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊ आणि ती चुकीची वाट गोंदासारख्या औषधाने बुजवू."

"नळी वळणावर अडकली तर?"

"काका, तुम्ही मशीन खोलताना गिऱ्हाइकाने इतके प्रश्न विचारले तर चालेल?"

काकांनी संमतीपत्र पुढे ओढलं आणि सही केली.

भूल उतरली, पण काका डोळे मिटून पडूनच राहिले. काकू त्यांच्यावर वाकल्या. "अहो, बोला ना काहीतरी!"

"थांब. काही ऐकू येत नाहीये."

"अगं बाई! बहिरे झाले!"

"तुझं सगळं ऐकू येतंय गं. ते दुसरं गेलं."

मुलगी हसता हसता रडायला लागली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. वाट कायमची बंद होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काका काकूंना म्हणाले, "रिक्षा नको. चल, गप्पा मारत चालतच जाऊ."