मधलं पेन

नववीच्या वर्गात समुपदेशक म्हणून मी मुलामुलींच्या मैत्रीबद्दल बोलत होते. “अरे, एकमेकांशी बोलायला घाबरता कशाला?” असं विचारत असतानाच एका मुलाने शेजारच्या रांगेतल्या मुलीकडे पेन मागितलं. तिने ते त्याच्या हातात दिलं नाही. बाकाच्या कडेला ठेवलं आणि हात मागे घेतला. मग त्याने ते उचललं. दहाव्याला पिंड ठेवून माणसं मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघतात ना, अगदी तसं. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. त्या दोघांमधल्या वीतभर जागेत कोण बसलंय, ज्याला सगळे इतके जपतात?

“अगं, हातात द्यायचं की!”

“सवयच आहे मॅडम तशी,” ती हसून म्हणाली.

संध्याकाळी घरी चहा केला. ह्यांचा कप टीपॉयवर ठेवला आणि नेहमीसारखी दोन पावलं मागे सरले. पेपरामागून एक हात आला, चाचपडत कप घेऊन परत गेला. लग्नाला चोवीस वर्षं झाली. तरी क्षणभर, तो हात कुणाचा हे मला ओळखू येईना.