एका माणसाचं पिठलं

माझं दार आणि समोरच्या वहिनींचं दार यांत साडेचार पावलांचं अंतर आहे. मोजायचं कारण असं, की मध्यंतरी दोन-अडीच महिने ते मला धड ओलांडता आलं नाही.

जुळे सोलापुरातल्या या इमारतीत राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. मी एकटी असते. लग्न केलं नाही, आणि त्याची कारणं सांगत बसत नाही, कारण विचारणाऱ्यांना ती कधीच पुरेशी वाटत नाहीत. सांगोल्याकडच्या खेड्यात आमची मेंढरं होती. आई दिवसभर त्यांच्या मागं, आणि मी पाचवीपासून हॉस्टेलात. त्यामुळे स्वयंपाक मला कुणी शिकवला नाही आणि मीही मनावर घेतलं नाही. नोकरी लागली, ऑफिसजवळ एक बरी खानावळ सापडली, आणि पोटाचा प्रश्न मिटला असं मला वाटलं.

खानावळ साधीच. सहा टेबलं, भिंतीला लागून हात धुवायची मोरी, आणि आतून सतत येणारा भाकरी थापण्याचा आवाज. ज्वारीची भाकरी, शेंगाची आमटी, वाटीभर दही आणि शेंगाची चटणी, ती मात्र उखळात कुटलेली. मालक अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे. सगळ्या बायकांना ते अक्का म्हणत. कोपऱ्यातली, पंख्याखालची एक खुर्ची माझी होती. गर्दी असली तरी ती खुर्ची मालक कुणाला देत नसत, आणि मी आले की न विचारता ताट येई. अकरा वर्षं मी तिथं दुपारी एकटीच जेवले. कुणाला सोबत नेलं नाही, कारण न्यावं असं कुणी नव्हतंच.

रात्रीचं मात्र घरी काहीतरी करावं लागे. तिथं वहिनी होत्या. त्या वैरागच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचे यजमान, ज्यांना मी दादा म्हणत असे, दुकान मुलाच्या हाती न देता विकून मोकळे झालेले आणि दिवसभर पेपर वाचत बसलेले. मुलगा पुण्याला. संध्याकाळी सातच्या सुमाराला मी पिठाचे हात तसेच घेऊन वहिनींचं दार कोपरानं ढकलत असे आणि दारातूनच विचारत असे. भाकरीला चिरा का पडतात? पीठ जुनं झालंय, विरी गेली त्याची, चिकटपणा राहिला नाही, उकळतं पाणी घालून मळ. पिठल्यात गुठळ्या का होतात? पीठ वैरताना तुझा हात थांबतो म्हणून. एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं हलवायचं, मध्ये विचार करायचा नाही. मिक्सरात चटणीला तेल का सुटत नाही? कारण तुला घाई असते. 

माझा स्वभाव मूळचाच फटकळ. ऑफिसात माझ्या टेबलाशी यायला लोक कचरतात. पण वहिनींनी मला अकरा वर्षं अडाणी ठरवलं आणि मला त्याचा एकदाही राग आला नाही. खरं सांगायचं तर कित्येकदा उत्तर माहीत असूनही मी विचारायला जात असे. त्या सांगत असताना दादा आतून म्हणायचे, तिला सांगून उपयोग नाही, ताटच वाढून दे. मग त्या वाढून देत.

दादा गेले ते सकाळी, चहा पिता पिता. दवाखान्यात नेलं, पण नेण्यापुरतंच. दुपारपर्यंत वैरागहून माणसं आली, पुण्याहून मुलगा-सून आली आणि चार वाजता त्यांना नेलं. मागं राहिलेल्या बायका जिन्यात उभ्या राहून हळू बोलत होत्या. कुणीतरी विचारलं, कडू घासाचं कोण बघतंय?

आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. माणसं स्मशानातून परतली की शेजाऱ्यांनी किंवा सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी नेऊन त्यांना दोन घास खायला लावायचे, त्याला कडू घास म्हणतात. साधं, कोरडं अन्न. तळण नाही, आणि गोड तर नाहीच. गोड थेट चौदाव्याला, तेव्हाच तोंड गोड करून माणसांनी पुन्हा कामाला लागायचं. माझी आई गावात कुणाच्याही घरी असलं काही झालं की मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आधी परात घेऊन बसायची. ते मी लहानपणी पाहिलेलं. म्हणूनच की काय, जिन्यात माझ्या तोंडून निघून गेलं, मी बघते.

बोलून गेले आणि मग घाम फुटला. वीसेक माणसं होती. मला दोन भाकऱ्या थापायच्या तर त्यातली एक फाटते. वहिनींच्या घरी त्या दिवशी माझी फाटकी भाकरी जावी हे मला सहन होईना. म्हणून मी खानावळीच्या मालकांना फोन केला आणि वीस माणसांचं पिठलं-भाकरी सांगितलं.

चूक तिथं झाली. कशासाठी हवंय ते मी सांगितलं नाही. संध्याकाळची वेळ, माणूस गल्ल्यावर नुकती उदबत्ती लावून बसलेला, त्याच्या कानात मयताची गोष्ट कशी घालायची? दिवेलागणीला असलं बोलू नये, धंद्यावरच्या माणसाला तर नाहीच, हे आईनंच शिकवलेलं. मालकांनी विचारलं, "काय अक्का, पावणे आल्यात जणू?" आणि मी म्हणाले, "हो, पाहुणे आलेत."

त्या माणसाला काय वाटलं असेल ते मला पुढं कळलं. अकरा वर्षं कोपऱ्यात एकटी जेवणारी बाई, तिच्या घरी आज वीस पाहुणे. त्यांनी स्वतः उभं राहून पिठलं करून घेतलं. वर लसणाची लाल फोडणी, कोथिंबीर. कडक भाकरी वेगळी, मऊ भाकरी वेगळी. आणि मी न सांगता, आपल्या घरच्या म्हणून, तुपाचा हात लावलेल्या वीस शेंगापोळ्या.

खानावळीचा माणूस फाटकाशी डबे देऊन गेला. मी ते उघडून पाहिले नाहीत, तसेच उचलून वहिनींच्या बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवले. माणसं अंघोळी करून, ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसली होती. वहिनी दाराजवळच्या कोपऱ्यात होत्या. दादांची थोरली बहीण पुढं झाली आणि तिनं पहिल्याच डब्याचं झाकण काढलं. भाजलेल्या शेंगा, गूळ, वेलदोडा आणि तूप यांचा वास त्या खोलीत सुटला. ती म्हातारी डब्याकडे पाहत राहिली आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हितं काय लगीन हाय व्हय?"

वहिनींनी मान वर केली. पोळ्या पाहिल्या, मला पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली. मी झाकण लावलं, तो डबा उचलला आणि घरी आले. बाकीच्या पिठल्याचं त्यांनी काय केलं, काय खाल्लं, खाल्लं की नाही, मला माहीत नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते आणि मला रडूही येत नव्हतं, नुसती लाज वाटत होती.

त्यानंतर मी दार उघडण्याआधी कान लावून कानोसा घेऊ लागले. समोर कडी वाजली की थांबायचं, पावलं जिन्यावरून उतरली की निघायचं. दहाव्याला मी ऑफिसात होते. चौदाव्याला मुलानं येऊन बोलावलं म्हणून गेले, शेवटच्या पंगतीत बसले, खीर खाल्ली आणि वहिनींच्या समोर न येता परत आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावलं. बोलायला गेलं की जखम उघडी होणार, त्यापेक्षा गप्प राहावं. वैरागची माणसं गेली, मुलगा-सून गेली. समोरच्या घरातून फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

पोळ्या फ्रिजमध्ये होत्या. अन्न टाकवत नाही आणि कुणाला द्यावं तर कशाचं म्हणून सांगणार? शेवटी मी रोज एक, ओट्याशी उभी राहून, पाण्याच्या घोटासोबत खाल्ली. वीस दिवस. प्रायश्चित्त म्हणून गोड खाणारी मीच पहिली असेन. शेवटच्या पोळ्या खुटखुटीत झाल्या होत्या, पण चव बिघडली नव्हती, याचाही मला राग आला.

संध्याकाळी विचारायला जायचं बंद झालं तसं माझं रात्रीचं करणंही बंद झालं. पिठाला किडे झाले. मी रात्रीही खानावळीत जाऊ लागले. मालक पहिल्याच दिवशी हौसेनं म्हणाले होते, पोळ्या आवडल्या का पाहुण्यांना? मी म्हटलं, आवडल्या. त्यानंतर त्यांनी दोन-तीनदा पुन्हा विचारलं, माझ्या घरी माणसं आली होती या गोष्टीचा त्यांना माझ्याहून जास्त आनंद होता. ते माझ्याच्यानं ऐकवेना. एका संध्याकाळी गिऱ्हाईक कमी होतं. ते ताट घेऊन स्वतः आले आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

ते समोरच्या खुर्चीवर बसले. अकरा वर्षांत माझ्यासमोर ते पहिल्यांदाच बसले असतील. बराच वेळ टेबलावरची चटणीची वाटी इकडून तिकडं सरकवत राहिले.

"सांगायचं की अक्का," ते म्हणाले. "हितं महिन्यातनं एकदा तरी कुणीतरी कडू घासासाठी येतंयच. आमी त्याला फोडणी बी देत न्हाय. मुकाट्यानं करतो, मुकाट्यानं देतो. मला काय इटाळ हाय काय त्या बोलण्याचा?"

मग ते उठता उठता म्हणाले, "आणि तुमी गप्प बसलाय तिकडं बी. त्या बाईला काय वाटत असंल?"

हा विचार मी खरोखर केला नव्हता. अडीच महिने मी माझी लाज कुरवाळत बसले होते. समोर एक बाई नवरा गेल्यावर एकटी राहतेय, तिला काय वाटत असेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. ताट अर्धं टाकून मी उठले. अन्न टाकलं त्याचं त्या दिवशी काही वाटलं नाही.

वहिनींचं दार नुसतं लोटलेलं होतं. सवयीनं मी कोपरानंच ढकललं. त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. दादांची पेपर वाचायची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली आणि तिच्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. मी दारातूनच, जशी प्रश्न विचारायची तशीच, बोलून टाकलं. पोळ्या मी मागवल्या नव्हत्या, पण चूक माझीच होती, मी खरं सांगितलं नाही म्हणून झालं, त्या दिवशी तुमच्या दारात ते यायला नको होतं.

वहिनी मागं न वळता म्हणाल्या, "पोळ्यांचं कुणाला भान होतं ग?" मग डाव हलवत, "तू इचारायला यायची बंद झालीस, त्याचं मात्र लई वाईट वाटलं. म्हटलं, ते गेले तर हिला बी आता काय राहिलं हितं."

मी पुढं जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. गॅसवर कढई होती आणि कढईत पिठलं, चार माणसांना पुरेल एवढं. ओट्यावर कालचंही होतं, झाकून ठेवलेलं, वर साय धरलेलं. रोज उरतं, त्या म्हणाल्या. रोज खालच्या कुत्र्याला घालते, आता तेही तोंड लावत नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात अकरा माणसं होती. मग सात झाली, मग चार, मग दोन. हात चारापर्यंत आखडत आला, त्याच्या खाली तो येईना. त्यांनी डाव खाली ठेवला.

"एका माणसाचं पिठलं किती पाण्याचं करतात ग?" त्यांनी विचारलं. "मला खरंच म्हायती न्हाय."

अकरा वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि स्वयंपाकातलं हे एवढंच उत्तर मला पक्कं येत होतं.

"पाव वाटी पीठ, वाटीभर पाणी," मी म्हणाले. "मीठ हाताला वाटेल त्याच्या निम्मं. हाताला कळायला वेळ लागतो, पण कळतं."

त्यांनी मान हलवली आणि ते स्वतःशी पुन्हा म्हटलं, पाव वाटी पीठ, वाटीभर पाणी. कढई उतरवून बाजूला ठेवली, लहान पातेलं घेतलं, डब्यात वाटी बुडवली आणि वाटीच्या पाव भागावर बोट धरून थांबल्या.

"आज अर्धी घ्या वहिनी," मी म्हणाले. "माझं जेवण राहिलंय."