घमेल्याखालचं पाऊल

भीमराज साळवे हवालदार जिथं बसतो तिथं माशीसुद्धा विचारून बसते, असं ठाण्यातली पोरं हसून म्हणायची. पंधरा वर्षांपूर्वी तो पुण्याला महिनाभर ठशांचं शिक्षण घेऊन आला होता, आणि तेव्हापासून गुन्ह्याच्या जागी तो आधी दोरी बांधायचा, मग बोलायचा. रक्ताचे कपडे सावलीत पुरते वाळवून कागदात बांधायचे, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले तर कुजतात. प्रत्येक पुडक्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि लाखेचं सील हवंच. हे तो इतक्या वेळा सांगायचा, की सोबतीला जायला कुणी फारसं राजी नसायचं. त्यामुळं राखणीला बहुतेक वेळा तो एकटाच असायचा.

घरीही तो एकटाच होता. बायको रतनबाई पाच वर्षांपूर्वी दवाखान्यात वारली, तेव्हा तो निवडणुकीच्या बंदोबस्तावर होता. एकुलती मुलगी यशोधरा पुणतांब्याला दिलेली. आई गेल्यापासून तिला ‘ड्यूटी’ हा शब्द खपायचा नाही.

१९९४ च्या मे महिन्यात यशोधरेचं सातव्या महिन्यातलं ओटभरण ठरलं. माहेरचं असं माणूस बापाशिवाय दुसरं नव्हतं. भीमराजनं रजा घेतली, शेवगावच्या बाजारातून हिरवं लुगडं आणलं. ओटभरणाच्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन क्वार्टरबाहेर पडला, तोच शिपाई सांगावा घेऊन आला. जवळच्या गावात खून झाला होता. फौजदारांनी कळवलं होतं, नगरहून ठसेतज्ज्ञ येईपर्यंत तेवढी जागा सांभाळा, दुपारची गाडी तुम्हाला मिळेल.

गावाबाहेरच्या वस्तीवर पुष्पावती नावाची विधवा बाई एकटी राहायची. नवऱ्यामागं चार एकर बागायत ती स्वतः बघायची. तिच्या डोक्यात स्वयंपाकघरातच घाव घातला होता. तिचा सालगडी सहादू सकाळी म्हशीची धार काढायला आला, बाईला पाहून त्यानं तिला उचलायला घेतलं, आणि त्याचा सदरा रक्तानं भरला. लोकांनी त्यालाच धरून लिंबाला बांधलं आणि मारलं. फौजदारांनी त्याला सोडवलं, पण ताब्यातही घेतलं. सहादू बौद्धवाड्यातला, भीमराजही बौद्ध. ही गोष्ट गर्दीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होती.

भीमराजनं माणसं मागं हटवली आणि घराला फेरी घातली. मागच्या दारी पाण्याच्या हौदापाशी चिखल होता. त्यात एक अनवाणी उजवं पाऊल स्वच्छ उमटलं होतं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं. त्यानं वस्तीवरचं मोठं घमेलं त्यावर पालथं घातलं, पावलाला धक्का लागू दिला नाही. उन्हानं चिखल तडकला असता, म्हणून घमेल्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि शेजारी दगडावर बसला.

प्रेत तपासणीला गेलं. गर्दी पांगली. नगरची जीप वाटेत बंद पडल्याचं कळलं. दुपारची गाडी गेली असेल, हे त्याला सावलीवरून समजलं. गोणपाट वाळलं की न उठताच हात लांबवून तो हौदातलं पाणी त्यावर मारायचा. भिंतीपलीकडून जाणाऱ्या दोघांचं बोलणं त्यानं ऐकलं. आपल्या माणसाला वाचवायला बसलाय, असं ते म्हणत होते.

पुष्पावतीच्या दिराचा मुलगा गोरक्षनाथ भाकरी घेऊन आला. रडून त्याचे डोळे सुजले होते.

“हवालदार, लई ऊन हाय. तुमी वसरीत बसून दोन घास खा. मी बसतो हितं.”

भीमराजला त्याचा संशय आला नाही. जागा सोडायची नाही, एवढाच त्याचा नियम. त्यानं नको म्हटलं. थोड्या वेळानं गोरक्षनाथ परत आला, पुन्हा तेच म्हणाला, आणि भीमराजनं पुन्हा मान हलवली.

चारच्या सुमाराला पुणतांब्यात बायका जमल्या असतील. पाटावर बसलेली यशोधरा दाराकडं बघत असेल. त्यानं डोळे मिटले, आणि लगेच उघडून घमेल्याकडं पाहिलं.

ठसेतज्ज्ञ साडेपाचला आले. पावलात पातळ कालवलेलं प्लास्टर ओतलं, ते सुकेस्तोवर सगळे थांबले. ठाण्यात आल्यावर भीमराजनं जावयाच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. ड्यूटी लागली, एवढंच त्याला बोलता आलं.

चार दिवसांनी सहादूची आई बनाबाई क्वार्टरच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच बसली.

“तुमी आपले म्हनून आले. सायबाला येक शब्द टाका. माझं लेकरू मुंगी मारायचं न्हाई.”

पाऊल सहादूचं नसावं, असं भीमराजला वाटत होतं. पण तपासणीचा कागद यायचा होता. त्याआधी तो आरोपीच्या घरच्यांशी बोलला असं कुणी उठवलं असतं, तर त्या पावलावर कुणी विश्वास ठेवला नसता.

“बाई, इथं येऊ नका,” तो म्हणाला. “मी काही करू शकत नाही.”

तिनं मागितलेलं पाणी न पिताच ती उठून गेली. तांब्या त्याच्या हातातच राहिला.

सहादूचं पाऊल जुळलं नाही. मग पंचांसमोर अकरा जणांच्या पायांचे ठसे घेतले. गोरक्षनाथ दोनदा आजारी पडला, तिसऱ्यांदा त्याला आणावंच लागलं. त्याचं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. चार एकरांसाठी त्यानं चुलतीला मारलं होतं. पुढं त्यानंच विहिरीतली कुऱ्हाड काढून दिली.

विसाव्या दिवशी सहादू सुटला. तो कोर्टाच्या पायऱ्या उतरला, तेव्हा भीमराज समोर उभा होता. सहादूनं त्याच्याकडं पाहिलं नाही. आठवड्यात मायलेक गाव सोडून गेली. बौद्धवाड्यातले लोकही नंतर भीमराजला जयभीम घालत, पण थांबत नसत.

खटला १९९७ मध्ये नगरला उभा राहिला. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, दिवसभरात त्या पावलापासून तुम्ही एकदा तरी उठला असाल?

“नाही साहेब.”

“कशावरून?”

“त्या दिवशी माझ्या मुलीचं ओटभरण होतं. उठायचंच असतं तर तिकडं गेलो असतो.”

वकील पुढच्या प्रश्नाकडं वळले. गोरक्षनाथला जन्मठेप झाली.

साक्षीची बातमी पेपरात आली, त्यात हे वाक्यही छापलं होतं. जावयानं ते यशोधरेला वाचून दाखवलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं या म्हणून निरोप धाडला. भीमराज गेला. ती दारातच उभी होती.

“कोर्टात सांगितलंत. मला का नाही सांगितलंत, बाबा?”

भीमराजनं पायरीशी चपला काढल्या.

“घरी बोलायची सवय राहिली नाही गं,” तो म्हणाला.

तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेली. तो दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर सोडायला यशोधरा नातीला कडेवर घेऊन आली. गाडी हलली. नातीनं हात हलवला आणि मोठ्यानं आईला सांगितलं, “पोलीस गेला.”