कोऱ्या कार्डाचा पॅच

चंद्रिकाचा कोणावर चटकन विश्वास बसत नसे. शेअर ऑटो कुठून वळणार हे विचारल्याशिवाय ती आत पाय टाकत नसे. वेलचेरीच्या घरी सगळे तिला यावरून चिडवत, पण सिरुसेरीच्या ऑफिसात हाच स्वभाव कामी येई. त्यांची कंपनी कॉम्प्युटरची वायरलेस कार्डं बनवायची. ही कार्डं चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. त्यात कोणी काही बदल केला, की तो पॅच आधी चंद्रिकाच्या नजरेखालून जाई.

२००८च्या उन्हाळ्यात उपेंद्रचा पॅच आला. उपेंद्र साताऱ्याचा, टीममध्ये नवा. प्रत्येक कार्डाच्या मेमरीत त्याच्या जातीचा, म्हणजे मॉडेलचा क्रमांक कोरलेला असे. क्रमांक ओळखीचा नसेल तर ड्रायव्हर कार्ड सुरूच करत नसे. ही तपासणी चंद्रिकानेच आदल्या वर्षी घातली होती. उपेंद्रच्या पॅचमध्ये मात्र क्रमांकाची जागा कोरी असली, तर कार्ड सर्वांत जुन्या जातीचं समजून चालू करावं, असं होतं. कारण म्हणून एकच ओळ: जुनी कार्डं चालावीत यासाठी.

"कुठली जुनी कार्डं?" तिने विचारलं. "कोरं कार्ड आपण कधी विकलंच नाही."

"असतील कुठेतरी, मॅडम."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

उपेंद्र स्क्रीनकडे बघत राहिला. "मला नक्की माहीत नाही."

तो खोटं बोलतोय हे तिला तिथेच कळलं. बाजारात त्यांच्या नावाची नकली कार्डं येतात हे ती ऐकून होती. हा पॅच मंजूर झाला की तसलं कोणतंही कार्ड बिनबोभाट चालणार. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर एका वयस्क माणसाला पाकीट देताना पाहिलं. तिला बघताच दोघे गप्प झाले. ती तडक मॅनेजर राममूर्तींकडे गेली आणि उपेंद्रला भेटायला कोण कोण येतं, याची सिक्युरिटीकडे चौकशी करा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तो माणूस पुन्हा टपरीवर दिसला. एकटाच होता, मोबाईलवर बोलत होता. जवळ जाताच चंद्रिका थबकली. तो मराठी बोलत होता, तिच्या आजोळची, तंजावरची, तमिळ हेल असलेली.

त्याचा फोन संपल्यावर तिने सरळ विचारलं, "तुम्ही तंजावरचे का? उपेंद्रकडे काय काम असतं तुमचं?"

माणूस आधी दचकला, मग आपली भाषा ऐकून सैलावला. त्याचं नाव गुरुमूर्ती. पल्लिकरणैजवळच्या एका लहान शाळेत तो कॉम्प्युटर शिकवायचा आणि उपेंद्र त्याच्याच घरी वर भाड्याने राहत होता. शाळेची जागा भाड्याची, मालक भिंतींना भोकं पाडू देईना, म्हणून वायरी टाकता येत नव्हत्या. तेव्हा चंद्रिकाचे आधीचे साहेब, शेषाद्री यांनी कंपनी सोडताना चाचणीसाठी बनवलेली कार्डं शाळेला देऊन टाकली होती. त्यांवर क्रमांक कोरलेलाच नव्हता. नवा ड्रायव्हर घातला आणि सगळी बंद पडली.

"एक बिघडलेलं कार्ड मी बघायला दिलं होतं, ते त्याने पाकिटातून परत केलं," गुरुमूर्ती म्हणाला. "ही कार्डं बाहेर द्यायची नव्हती म्हणे. कंपनीला कळलं तर काढून नेतील, म्हणून तो बिचारा बोलला नाही. मीच नको म्हटलं त्याला."

त्या मुलांची कार्डं चंद्रिकाच्याच तपासणीने बंद पाडली होती.

तरीही तो पॅच तिने मंजूर केला नाही. चाचणीची कार्डं एकाच जातीची नव्हती. ऑफिसच्या कपाटात उरलेलं तसंच एक कोरं कार्ड तिने त्या पॅचवर चालवलं, तर जात चुकीची धरल्याने थोड्याच वेळात ते हात लावू नये इतकं तापलं. तिने उपेंद्रला बोलावून ते दाखवलं. मग दोघांनी मिळून तो पॅच बदलला. क्रमांक कोरा असेल तर अंदाज बांधायचा नाही, कार्डावरच्या चिपलाच ती कोणती ते विचारायचं. उत्तर आपल्याच चिपचं आलं तरच पुढे जायचं. राममूर्तींना तिने सगळं खरं सांगितलं आणि ती कार्डं शाळेला रीतसर द्यावीत म्हणून अडून बसली. ते पुष्कळ कुरकुरले, पण शेवटी तयार झाले.

बदललेला पॅच मंजूर झाला त्या दिवशी ती उपेंद्रला म्हणाली, "मी तुम्हाला आधी नीट विचारायला हवं होतं."

"पॅचवर संशय घेतलात ते बरोबरच होतं, मॅडम," तो म्हणाला. "पण सिक्युरिटीवाल्यांनी मला सगळ्यांसमोर उभं करून प्रश्न विचारले."

हे तिला माहीत नव्हतं. तिने माफी मागितली. त्याने मान हलवली, इतकंच.

शाळेतली कार्डं पुन्हा चालू झाली. गुरुमूर्तीने तिला मुलांना भेटायला बोलावलं आणि ती जाऊनही आली. उपेंद्रने मात्र महिन्याभरात दुसरी टीम मागून घेतली. कंपनीच्या बसमध्ये दिसला तर ओळखीचं हसे आणि पुढच्या सीटवर जाऊन बसे.