अरुणाचा दचकणारा खांदा

कॅनडातल्या ओकव्हिलची अरुणा निवृत्त दंतवैद्य. हजारो माणसांना सुई टोचली, पण एकालाही ‘आई गं’ म्हणू दिलं नाही, असा तिचा दावा. माझी, म्हणजे एका म्हाताऱ्या नटाची, कवळी तिनेच बसवली, म्हणून माझे संवाद अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात.

दर नोव्हेंबरात ती, नवरा प्रताप आणि मित्रमंडळी हरणाच्या शिकारीला जातात. रानातल्या त्यांच्या कॅबिनवर जुना रिवाज आहे: ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीला ठोकायचा. गेल्या वर्षी तिथे अरुणाच्या फुलाफुलांच्या शर्टाचा तुकडा लागला. म्होरक्या देवदत्त म्हणाला, “अरुणाताई, यंदा आधी नेमबाजीच्या रेंजवर नेम दाखवा. नाहीतर कॅबिनवर रस्सा रांधायचं काम तुमच्याकडे.” हरीण जखमी होऊन रानात पळावं, हे तिलाही नको होतं. पण दिवसभर कॅबिनमध्ये कांदा चिरत बसणं तर मुळीच नको होतं.

सरावाला मी थर्मास घेऊन सोबत गेलो. प्रेक्षक लागतोच. रायफल प्रतापची, काडतूस तीनशे मॅग्नम. मूससारख्या घोड्याएवढ्या हरणालाही लोळवील असं. अरुणा चाप ओढायची आणि गोळी भलतीकडेच जायची. मी नीट पाहिलं. बार व्हायच्या आधीच तिचे डोळे मिटत होते, खांदा मागे जात होता. नाटकात आम्ही विंगेत फळी आपटून बार काढायचो, तेव्हा नवखे नट फळीच्या आधीच दचकायचे. हुबेहूब तसंच.

मी प्रतापच्या कानात कुजबुजलो. पुढच्या खेपेला त्याने तिला न सांगता रिकामी रायफल दिली. तिने चाप ओढला. खट्. बाकी शांतता, आणि अरुणा मागे उडालेली.

“फळी पडलीच नाही,” मी म्हटलं, “तू मात्र पडलीस.”

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, “दादा, रायफलच्या धक्क्याची धास्ती बसलीय मला. आता धक्काच कमी करते.”

बंदुकांच्या दुकानात प्रताप अडून बसला. “अगं, मोठी गोळी म्हणजे खात्री.”

“दाढ काढायला मी घोड्याची सुई वापरायचे का? पुरते तेवढीच घ्यायची. हरीण आहे ते, हत्ती नाही.”

तिने दोनशे त्रेचाळीसच्या लहान काडतुसाची रायफल घेतली. धक्का निम्म्याहून कमी. दुकानदाराने बजावलं, गोळी हरणासाठीचीच घ्या, कोल्ह्या-सशांची नको, आणि फार लांबून मारू नका.

पुढच्या आठवड्यात देवदत्तसमोर तिने कागदी बशीच्या मधोमध भोकं पाडली. “पोरखेळ आहे हा,” प्रताप म्हणाला, “आता खरी रायफल बघा.” अरुणाने ती त्याच्या हातात दिली, अर्थात गुपचूप रिकामी करून. खट्. प्रताप खुर्चीसकट मागे सरकला.

“तुला देऊ का माझी?” तिने विचारलं. मोठ्या काडतुसाचा मालक दोनशे त्रेचाळीसला हात लावेना. देवदत्तने नेम दाखवायचा नियम सगळ्यांना सारखाच ठेवला.

नोव्हेंबरात कॅबिनवरून तिचा फोन आला. “दादा, एका गोळीत. जागच्या जागी.”

मी शाबासकी देत होतो, तेवढ्यात मागून प्रतापचा आवाज आला, “अरुणा, हळद कुठे ठेवलीय?”